नको असलेली गाडी

डॉरीनने ट्रक सकाळी दहाला बोलावला, कारण दहाला तिचे वडील वेंडेल चर्चच्या तळघरात बटाटे सोलत असणार होते. नोव्हेंबरातल्या मासळीच्या जेवणासाठी गावातले म्हातारे दरवर्षी चर्चच्या व्हॅनने तिथे जमतात, चारशे माणसांचे बटाटे सोलतात आणि सोलता सोलता जिवंत-मेलेल्या सगळ्यांची उणीदुणी काढतात. बारापर्यंत वेंडेल जागचा हलणार नव्हता. चांगल्या कामाला एवढी वेळ साधावी लागत नाही, हे डॉरीनला कळत होतं. पण कळूनही तिने दहाचीच वेळ सांगितली.

वेंडेल शहाऐंशी वर्षांचा. समोर पाहिलं की मधोमध धुरकट डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. रस्ते पाठ होते म्हणून त्याचं गाडी चालवणं निभत होतं. सप्टेंबरात त्याने गाडीने समोर राहणाऱ्या आर्लिसची रस्त्याकडेची टपालपेटी आडवी केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच नवी ठोकून दिली, तीही वाकडी. आर्लिस म्हणाली, "वेंडेल, आता माझी पत्रंसुद्धा कलती येणार." सगळे हसले.

ऑक्टोबरात मात्र कोणी हसलं नाही. डॉरीन त्याच्या शेजारी बसली होती. पुढे शाळेची बस मुलं उतरवायला लाल दिवे लावून थांबलेली, अशा वेळी मागच्या गाडीनेही थांबायचं असतं, आणि हा शांतपणे तिच्या बाजूने निघून गेला. पिवळ्या कोटातल्या एका मुलीने रस्त्यावर टाकलेला पाय मागे घेतला म्हणून वाचली. वेंडेलला काही दिसलंच नव्हतं. तो शुक्रवारच्या तळलेल्या माशांबद्दल बोलत होता. दर शुक्रवारी आर्लिसला गाडीत घालून तो मासे खायला न्यायचा, आणि यंदा हॉटेलवाल्याने मासे लहान केलेत अशी त्याची तक्रार होती.

घरी आल्यावर डॉरीनने विषय काढला. "डॅड, गाडीचं जरा बघायला हवं."

"का? तेल तर बदललंय," वेंडेल म्हणाला आणि पान उलटावं तसा विषय उलटून मोकळा झाला.

इथेच तिने नेट लावायला हवा होता. पण त्या घराण्यात भांडायची पद्धतच नव्हती. राग आला की माणसं फावडं घेऊन बर्फ उपसायला बाहेर जायची आणि बर्फ नसेल तर गॅरेज झाडायची. आई गेली तेव्हासुद्धा बाप-लेकीने मिळून सगळी भांडी घासली, आणि शोक म्हणून जे काही झालं ते तेवढंच. अठ्ठावन्न वर्षांच्या डॉरीनला बापाशी तोंड वर करून बोलता येत नव्हतं. त्याला फसवणं मात्र जमलं. याची तिला लाज वाटली, पण ती हे सगळं उरकल्यावर.

रेडिओवर जाहिरात लागायची: नको असलेली गाडी आहे? एक फोन करा, आम्ही दारातून फुकट घेऊन जाऊ, आजारी मुलांच्या उन्हाळी शिबिराला मदत होईल. डॉरीनने फोन केला. मालकीच्या कागदावर मालकाची सही लागेल, असं पलीकडची बाई म्हणाली. डॉरीनने तो कागद औषधांच्या विम्याच्या कागदांत मधोमध घातला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि दर पानावर बोट टेकवत गेली. "इथे सही कर, डॅड. आता इथे."

वेंडेल बोटाशेजारी सही करत गेला. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं," तो म्हणाला. डॉरीनने बोट पुढच्या पानावर नेलं.

ट्रकवाला दहाला पाच कमी असतानाच आला. तांबूस दाढीचा, गप्पिष्ट माणूस. गॅरेजमधली मरून रंगाची ब्युइक गाडी बघून त्याने टोपी काढली.

"वडिलांची का? कधी वारले?"

"वारले नाहीत," डॉरीन म्हणाली. "चर्चमध्ये बटाटे सोलतायत."

त्याने टोपी परत घातली. "माफ करा हं. बहुतेक गाड्या माणूस गेल्यावरच येतात आमच्याकडे. एवढी जपलेली तर हमखास." मग तो म्हणाला, "नंबरप्लेट काढून ठेवा. आणि आत काही राहिलंय का बघा. लोक काय काय विसरतात, नंतर रडत फोन करतात."

आत काचेवरचा बर्फ खरवडायची खरवडणी होती, पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, आणि कप्प्यात आईचा पावसात बांधायचा प्लास्टिकचा रुमाल, चार घड्या घातलेला. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. डॉरीनने सगळं एका पिशवीत भरलं आणि पिशवी धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत खाली दडपली. ब्युइक ट्रकवर चढताना समोरच्या खिडकीचा पडदा हलला. आर्लिसने बघितलं होतं.

दुपारी चर्चच्या व्हॅनने वेंडेलला दारात सोडलं. बोटांना माती, चेहऱ्यावर समाधान. गॅरेजचं दार उघडं होतं.

"गाडी कुठाय?"

"वर्कशॉपमध्ये दिलीय. ब्रेक जरा आवाज करत होते."

"बरं केलंस," वेंडेल म्हणाला.

त्याने एकदा जरी आवाज चढवला असता तरी डॉरीनला हायसं वाटलं असतं. उलट तो रोज समजुतीने विचारायचा. "पार्ट आला नसेल. जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात कुठे! त्यांना म्हणावं घाई नको." गाडी नाही तोवर म्हणून त्याने गॅरेजची फरशी सोड्याने घासून काढली, तेलाचा डाग जाईपर्यंत. शुक्रवारी त्याने आर्लिसला फोन करून सांगितलं की आज जमणार नाही, पुढच्या शुक्रवारी नक्की. आर्लिस फोनवर जरा वेळ गप्प राहिली असावी, कारण तो दोनदा "हॅलो" म्हणाला. डॉरीन त्याला अंडी-टोस्ट करून वाढायची.

तिने सगळ्याचा विचार केला होता, एक सोडून. गाडी वेंडेलच्या नावावर, म्हणजे आभाराचं पत्रही वेंडेलच्याच नावावर येणार. आणि टपाल आणायचं काम वीस वर्षं वेंडेलचं.

तिसऱ्या आठवड्यात तो लिफाफा घेऊन आत आला, बूट पुसून, नेहमीसारखा. "हे वाच बरं. वर कसलंसं चित्र आहे, झाड का काय."

डॉरीनने लिफाफा फोडला. प्रिय श्री. वेंडेल, आपली नको असलेली गाडी आपण उदार मनाने... अक्षरं हलायला लागली. "आजारी मुलांचं शिबिर आहे," ती म्हणाली. "देणगी मागतायत."

"आजारी मुलं?" वेंडेलने खुर्ची ओढली. "मग नाही म्हणू नकोस. माझं चेकबुक आण. दे काहीतरी चांगलं."

त्याने पेन हातात घेऊन तिच्याकडे बघितलं, म्हणजे तिच्या जरासं बाजूला बघितलं, कारण तसंच त्याला दिसायचं. तिथे डॉरीनचा बांध फुटला. ती रडत रडत सगळं बोलली. बस, पिवळा कोट, रेडिओ, बटाटे, ट्रक, सगळं. आणि शेवटी पत्र जसं होतं तसं वाचलं.

वेंडेलने ऐकून घेतलं. "नको असलेली," तो म्हणाला. "कोणाला?"

डॉरीनने पत्राची घडी घातली.

"ती पोरगी. तिला लागलं का?"

"नाही."

"आणि सही? ती माझीच?"

"तुझीच. विम्याच्या कागदांत घातला होता."

बराच वेळ त्याने पेनचं टोपण काढलं आणि लावलं. "तू मागितली असतीस तर मी दिली नसती," तो म्हणाला. "शिव्या घातल्या असत्या. पण भांडण तर झालं असतं गं आपलं." मग तो उठला आणि स्वच्छ गॅरेज पुन्हा झाडायला गेला.

त्यानंतर त्याने गाडीचं नाव काढलं नाही. तिने पिशवी आणून दिली, तेव्हा रुमाल खिशात घातला, गोळ्या वाडग्यात ओतल्या. शुक्रवारी डॉरीनने तिच्या गाडीतून त्याला आणि आर्लिसला मासे खायला नेलं. मासे लहानच होते, त्याने तसं सांगितलंही. डॉरीनला वाटलं, निभावलं.

डिसेंबरात वेंडेलच्या नातीचा वाढदिवस आला. डॉरीनने कार्ड आणलं, टेबलावर उघडून ठेवलं आणि सवयीने बोट टेकवलं. "इथे सही कर, डॅड. केल्सीचं कार्ड आहे."

वेंडेलने पेन खाली ठेवलं. रागाने नाही, अगदी सावकाश. मग त्याने फोन उचलला आणि पाठ असलेला नंबर फिरवला. "आर्लिस, जरा येतेस का? एक कागद वाचायचाय."

आर्लिस सपाता घालून बर्फातून आली. डॉरीनकडे न बघता तिने कार्ड उजेडात धरलं. "'प्रिय केल्सी, वाढदिवसाच्या शुभेच्छा.' खाली केक काढलाय. वाढदिवसाचं कार्ड आहे, वेंडेल."

"मागे बघ."

आर्लिसने कार्ड उलटलं. "मागे नुसती किंमत आहे."

"आत आणखी काही कागद?"

तिने कार्ड हलवून दाखवलं. "काही नाही."

"मग दाखव कुठे करायची ते," वेंडेल म्हणाला. आर्लिसने बोट ठेवलं आणि त्याने त्या बोटाशेजारी सही केली.