काटा लोखंडावर

आमच्या घरात एखाद्या बाईला वेडी ठरवायला फार काही लागत नाही. तिनं एकच गोष्ट दोनदा सांगितली की पुरतं. मावशीनं तर ती दिसेल त्याला सांगितली.

"मागच्या वाफ्यात आभाळातून काहीतरी पडलं." बस, एवढंच. संध्याकाळी ती दोरीवरचे कपडे काढत होती. डोक्यावरून काहीतरी गेलं, धप्प आवाज झाला, पायाखालची जमीन हलली आणि वाफ्यात खड्डा पडला. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ दादा, कामावरून घरी आला तेव्हा तिनं त्याला हाताला धरून नेऊन खड्डा दाखवला. तो म्हणाला, घूस असेल. बागेत भर टाकायला मातीची गाडी येणारच होती. ती आली, सगळ्या वाफ्यावर माती पसरली, खड्डा गेला, त्याची नेमकी जागाही कळेना. मावशीचं सांगणं मात्र गेलं नाही. तिनं शेजारणीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, वहिनीच्या मैत्रिणींना चहा देता देता सांगितलं. तिथं घराण्याची अब्रू गेली म्हणे.

डॉक्टर आणले. त्यांनी उलटसुलट विचारलं, तिनं दर वेळी तेच उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले, त्या एकाच कल्पनेला धरून बसल्यात. उत्तर बदललं असतं तर म्हणाले असते, बोलण्यात मेळ नाही. यातून सुटायचं कसं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दादानं शहराबाहेरच्या एका देखभाल केंद्रात तिच्यासाठी खोली ठरवली. देखभाल! देखभाल मी करते, वॉशिंग मशिनची. तिला न्यायला गाडी सकाळी येणार होती, आणि आदल्या दिवशी दुपारी मावशीचा मला फोन आला.

"तुझं ते जमिनीतलं बघायचं यंत्र घेऊन ये. आजच ये बाई. उद्या मी इथं नसेन."

सुट्टीच्या दिवशी मी मेटल डिटेक्टर घेऊन माळरानावर हिंडते. त्यामुळे घरात मला सगळे खिळेवाली म्हणतात. चूक नाही त्यांची. माझं यंत्र जुनं. खाली धातू आहे एवढंच ते ओरडून सांगतं, कुठला ते सांगत नाही. वर्षानुवर्षं मी गुडघे टेकून खणलं आणि घरी डबाभर गंजके खिळे आणले. शेवटी कंटाळून त्याला वरून जोडायचं एक मीटर घेतलं. तळहाताएवढी डबी, ती दांड्याला आवळायची, दोन वायरी यंत्रात खोचायच्या. डबीवर काचेखाली काटा. काटा डावीकडे गेला तर लोखंड, मध्ये पत्रा आणि बाटल्यांची झाकणं, उजवीकडे तांबं आणि नाणी. टेबलावर खिळा, झाकण, नाणं एकेक दाखवून स्क्रू फिरवायचा आणि काटा ताळ्यावर आणायचा. पहिल्यांदा माळावर फिरवलं आणि काटा सावकाश उजवीकडे जाऊन थांबला, तेव्हा मी श्वास घ्यायची विसरले. जे कुणीही पाहिलेलं नाही, जे मातीनं गिळून टाकलंय, त्याची जात ही एवढीशी डबी मला सांगत होती. खणलं तर खरंच तांब्याची कडी निघाली.

तेव्हापासून माझा नियम ठरला. काटा डावीकडे गेला की पुढं चालायचं, लोखंडासाठी वाकायचं नाही. माझी अर्धी अक्कल मी त्या डबीत ठेवून दिली होती, आणि मला ते कळलंही नव्हतं.

दारातच दादा म्हणाला, "या, खिळेवाली. आईच्या मनाचं समाधान करा आणि मोकळ्या व्हा."

"तू बाजूला हो, तेवढं पुरे," मी म्हणाले.

मावशी आधीच मागच्या बागेत उभी होती. पायात बूट, हातात कपड्यांच्या बिनतारेच्या, नुसत्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांची टोपली. "तू आवाज सांग, मी तिथं चिमटा खोचते," ती म्हणाली. वेडी बाई, पण तयारी बघा!

मी हेडफोन चढवला आणि वाफ्याच्या एका टोकाकडून यंत्र फिरवायला लागले. पावलोपावली आवाज. त्या जागी पूर्वी एका सुताराची शेड होती, ती मोडली तेव्हा त्याचे सगळे खिळे मातीतच राहिले होते. मावशी चिमटे खोचत माझ्यामागून आली. बघता बघता वाफ्यात रंगीत चिमट्यांचं पीक उभं राहिलं. आणि काटा? प्रत्येक चिमट्याला डावीकडे. लोखंड. लोखंड. लोखंड.

मी हेडफोन उतरवला. तिच्याकडे बघवेना. "मावशी, काही नाही गं. सगळं लोखंडच आहे."

"ऐकलंस ना आई?" दादा पायरीवरून म्हणाला. आवाज अगदी गोड, सायीसारखा. "आता तुझ्या भाचीनंच सांगितलं. चल, आत बसू."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी काहीतरी अगदी सोपं विसरलेय, असं.

"मग लोखंड पडलं असेल," ती म्हणाली.

माझी नजर डबीवरच्या काट्यावर गेली.

"आभाळातून लोखंड?" दादा हसला. "कुणाच्या विमानाची खुर्ची निसटली का काय?"

मला तो ऐकूच येत नव्हता. उल्कांबद्दल मी वाचलेलं होतं, त्या चित्रात पाहिलेल्या होत्या. त्यांत लोखंड असतं हेही मला माहीत होतं. आणि तरी, काटा डावीकडे म्हणजे कचरा, असं मी स्वतःला इतकं पढवलं होतं, की आभाळातून पडलेली वस्तू शोधताना मी नेमकं लोखंडच वगळत बसले होते. मीटर खोटं बोललं नव्हतं. ते बिचारं मघापासून खरंच सांगत होतं. ऐकणारी बहिरी होती.

"थांब मावशी, परत करू," मी म्हणाले.

या खेपेला मी काट्याला दुसरंच विचारलं. खिळा लांबट असतो. त्याच्यावरून आडवं यंत्र फिरवलं तर काटा एक सांगतो, उभं फिरवलं तर दुसरीकडे उडी मारतो, आणि आवाज फाटतो. म्हणून मी प्रत्येक चिमट्याभोवती फेरी मारली. समोरून, मागून, दोन्ही बगलांनी. काटा थरथरला की मी मान हलवायची आणि मावशीनं चिमटा उपटून टोपलीत टाकायचा. वाफा मोकळा होत गेला. वहिनीसुद्धा कप हातात घेऊन बाहेर आली आणि बघत राहिली.

कुंपणाजवळच्या निळ्या चिमट्यापाशी आवाज वेगळा आला. खोल, गोल, कडा नसलेला. एखाद्या रिकाम्या मोठ्या खोलीत कुणी हुंकार द्यावा तसा. समोरून काटा लोखंडावर. मागून गेले, लोखंडावर. बगलेतून, लोखंडावर. जराही हलला नाही. चारी बाजूंनी तेच सांगत होता, आणि तो तेच सांगतोय म्हणून त्याला वेडं ठरवायचं मला काही सुचलं नाही.

"इथं," मी म्हणाले.

वरची भर मऊ होती. तिच्याखाली जुनी काळी माती. मग खुरपं अडलं. तिथली माती चहूबाजूंनी आत दाबली जाऊन विटेसारखी घट्ट झाली होती. घूस जमीन उकरते, अशी ठोकून बसवत नाही. मी खुरपं टाकलं आणि बोटांनी उकरायला लागले. मावशी शेजारी गुडघ्यांवर बसली.

हाताला लागलं ते गार होतं. बाहेर काढताना मनगट खाली गेलं. मुठीएवढ्या वस्तूला इतकं वजन असू नये. मावशीनं पदरानं पुसलं. वर काळी, पातळ, जळकी साल. अंगभर खळगे, ती मऊ असताना कुणी अंगठ्यानं दाबत गेल्यासारखे. खिशात मी लोहचुंबक ठेवते. तो जवळ नेला तर माझ्या बोटांतून निसटून खटकन त्या वस्तूला जाऊन चिकटला.

शेजारच्या घरातला मिक्सर तेवढा चालू होता.

"हे इथलं नाही," शेवटी वहिनी म्हणाली, अगदी हळू, देवाच्या खोलीत बोलावं तसं.

नव्हतंच ते इथलं. ही बाग, हे शहर, ज्यानं पहिलं घर बांधलं तो माणूस, यातलं काहीही नव्हतं तेव्हा ते निघालेलं असणार. ना रस्ता, ना आवाज, ना वारा, नुसता अंधार आणि हा एकटा लोखंडाचा गोळा. आणि सगळी पृथ्वी मोकळी पडलेली असताना तो उतरला कुठं, तर कपडे काढणाऱ्या एका म्हातारीपासून हातभर अंतरावर. जरा इकडे आला असता तर? मावशीच्या हातात तो होता आणि ती त्याच्याकडे बघत होती, पहिल्यांदा मांडीवर दिलेल्या पोराकडे बघावं तशी.

दादा खाली आला. त्यानं हात पुढे केले, मावशीनं गोळा त्याच्या ओंजळीत ठेवला आणि त्याचे हात खाली झुकले. त्याचा चेहरा मी आयुष्यात इतका उघडा पाहिला नव्हता. तो गोळा तसाच छातीशी धरून तो कुंपणापाशी गेला आणि केंद्राला फोन लावला.

"हो, उद्याची गाडी नको... नाही, येणार नाही ती. कारण? कारण म्हणजे... वरून पडलं होतं. खरंच पडलं होतं. लोखंड. आभाळातून." मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "नाही, मी ठीक आहे," तो म्हणाला. "अहो, मी ठीक आहे!"

मला हसू आलं. दाबलं नाही.

फोन खिशात टाकून तो मावशीसमोर येऊन उभा राहिला. माफी वगैरे मागेल असं वाटलं होतं, पण ते त्याला येत नाही, मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्यानं वर बघितलं. वर दुपारचं स्वच्छ, रिकामं आभाळ होतं.

"आई," तो म्हणाला, "येताना त्याचा आवाज कसा झाला गं?"

इतक्या दिवसांत हे तिला कुणीही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मीही नाही. मावशीनं डोळे मिटले, ओठांचा चंबू केला, आणि दातांच्या फटीतून एक बारीक, लांबत जाणारी शीळ सोडली. ती जवळ आली, आणखी जवळ आली, आमच्या डोक्यांवर आली, आणि आम्ही तिघांनीही माना खाली घातल्या.