सव्वीस पोरी हजर

माझा राग आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. गोळीबार चौकामागच्या आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीत पोरं खेळताना भांडली तरी एकमेकांना धमकी देतात, "सिंधूबाईले सांगन हं." या रागाचं मला कधी वाईट वाटलं नाही. बाईमाणसाचं इथं रागावल्याशिवाय कोण ऐकतं? एकदा मात्र राग मी केला आणि भोगलं दुसऱ्यांनी. ते सांगते.

ब्याऐंशी साल होतं. शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी सरकारनं केंद्रं काढली होती. नऊ ते चौदा वयाची मुलं, रोज दोन तास. दोन वर्षं पुरी झाली की केंद्राच्या दाखल्यावर चौथीची परीक्षा द्यायची आणि सरळ पाचवीत जायचं. मी स्वतः सोळा वर्षांची होईस्तोवर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या आणि मॅट्रिक घरी बसून झाले, त्यामुळे आमच्या वस्तीत केंद्र द्या म्हणून अर्ज घेऊन मीच पहिली गेले. विणकर सोसायटीच्या गोदामात, सुताच्या गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत, दुपारी दीड ते साडेतीन आमचा वर्ग भरायचा. ही वेळ माझी नव्हती, मागांची होती. सकाळी बाप मागावर बसला की त्याच्या आडवं सूत टाकणाऱ्या धोट्याला सारखी भरलेली कांडी लागते. ती भरायला दर मागामागे एक पोरगी रहाटावर बसलेली असायची. दुपारी बाप जेवून आडवा झाला की तिचे हात मोकळे व्हायचे. अकरा ते पाचच्या शाळेत तिला कोण धाडणार?

अशा सव्वीस पोरी माझ्याकडे होत्या. त्यातली पुष्पलता पौनीकर तेराची. अपूर्णांक असे सोडवायची की मला फळ्यावर तिच्यामागे धावावं लागे. जूनमध्ये तिला चौदावं पुरं होऊन पंधरावं लागणार होतं, म्हणजे केंद्राच्या वयाबाहेर. तिच्या बापानं मला तोंडावर सांगितलं होतं, "यंदा पास झाली त पाचवीत टाका. नाई झाली त मी मंग उमरेडच्या पाहुण्याईले हो म्हणतो." पाहुणे म्हणजे स्थळ. एप्रिलची परीक्षा ही एवढीच वाट त्या पोरीपुढे होती, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, तपासणीला साहेब आले. शरच्चंद्र मोहरील, धरमपेठेतल्या शिकल्यासवरल्या वस्तीत राहणारे, शर्टाला घडीची इस्त्री, बोलणं गोड. पोरींची नावं विचारली, डोकी मोजली, माझा हजेरीपट पाहिला. मग पिशवीतून दुसरी एक यादी काढली आणि माझ्या पटाशेजारी ठेवून बोट खाली खाली नेत गेले.

"बाई, या सगळ्या मुली शाळेत आहेत."

"कोणत्या शाळेत?"

"तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे ती. सव्वीसच्या सव्वीस. शाळेच्या पटावर नाव असलेलं मूल केंद्रात घ्यायचं नाही, हा पहिला नियम. तुम्हाला माहीत असायला हवा."

मी म्हटलं, साहेब, या पोरींनी शाळेचं फाटक आतून पाहिलेलं नाही. ते हसले. चांगल्या घरातली माणसं कामवालीचा बहाणा ऐकून हसतात तसे. "शनिवारी सकाळी शाळेची तपासणी आहे. ती झाली की अहवाल पाठवतो. केंद्र बंद करावं लागेल."

"आन् परीक्षेचे दाखले?"

"केंद्रच नसेल तर दाखला कोण देणार?"

ते गेल्यावर पोरी माझ्याकडे बघत राहिल्या. मी तशीच उठून पुष्पलताच्या आईकडे, तुळजाबाईकडे गेले. ती अंगणात सूत वाळत घालत होती. विचारलं, "तुळजाबाई, पोरीचं नाव शाळेत कोणं घातलं?"

ती आठवू लागली. "मास्तर आले होते जी. चार वर्षं झाले असतीन. म्हणे, घरातल्या पोरीचं नाव न् वय सांगा. मी सांगतलं."

"काहून सांगतलं?"

"आता काय सांगू बाई? दाराशी आलेल्या माणसाले रिकामं कसं धाडू? कोणी पीठ मागते, कोणी मीठ मागते. त्यानं नुसतं नाव मागतलं. मी म्हटलं, घे गा बाबा."

गल्लीतल्या प्रत्येक घरानं असंच नाव दिलं होतं. चुलीपुढच्या बाईनं ओंजळभर जोंधळे घालावेत तसं. कुणी एकीनंही विचारलं नाही की नावाचं काय करशील. मला तुळजाबाईचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. तिच्या आईनं आणि माझ्या आईनंही हेच केलं असतं.

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी मी हेडमास्तरांच्या खोलीत शिरले. मारोतराव मास्तर तसा वाईट माणूस नव्हे. साठीला टेकलेला, दम लागणारा. मी बसलेही नाही.

"मास्तर, माझ्या पोरी तुमच्या पटावर काय करून राहिल्या?"

"बसा जी आधी."

"नाई बसत."

त्यांनी दार लोटून घेतलं. "बाई, वरून हुकूम होता. वस्तीतलं प्रत्येक पोर पटावर पाहिजे. एक बाहेर राहिलं त मले जाब. मी घरोघर गेलो, नावं आणली. आता नावं आली त पोरी आल्या पाहिजेत. त्या नाई आल्या. मंग मी काय करू? गैरहजर लिहिलं त नोटीस येते, काहून गैरहजर म्हणून. हजर लिहिलं त कोणी काही विचारत नाई."

"चार वर्षं हजर लिहिलं?"

"लिहिलं."

"मंग परीक्षेत?"

त्यांनी मान खाली घातली. "पेपर नसते त पास कसं करू? पहिलीत दोनदा ठेवल्या. आता दुसरीत आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुष्पलता कागदावर चार वर्षं रोज शाळेत जात होती, आणि कागदावर ती ढ होती! मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, उद्या साहेबापुढे खरं सांगा. नावं कमी करा. एवढ्यानं माझं केंद्र वाचते.

"नावं कमी केली त माझी एक शिक्षिका जाते. आन् खोट्या हजेरीपायी मी जातो. पेन्शनले सात महिने राहिले बाई." त्यांचे डोळे भरून आले होते. मला तेव्हा त्यांची दया आली नाही. माणसाचं रडणं खरं असलं म्हणजे त्याचं खोटं माफ होतं असं थोडंच आहे?

घरी जाताना माझ्या डोक्यात ते आलं. तुम्ही म्हणता ना पोरी शाळेत आहेत? मग घ्या! सव्वीसच्या सव्वीस नेऊन बसवते. त्यांना त्यांचा वर्ग माहीत नाही, बसायला पट्टी नाही, मास्तरीण त्यांना ओळखत नाही. साहेबाच्या डोळ्यांदेखत खोट्याचा भोपळा फुटेल. तिन्हीसांजेला मी दारोदार फिरले. शनिवारी सकाळी पोरी द्या म्हणजे मागांना कांड्या मिळणार नाहीत. लोक कुरकुरले, पण पुष्पलताचा बाप पहिला म्हणाला, "ने बाई. एक दिवस माग थांबन." मग बाकीचेही तयार झाले. शनिवारी आमच्या गल्लीत खटखट ऐकू आली नाही. मला तो विजय वाटला होता.

पोरींनी वेण्या घातल्या होत्या. मी त्यांना शाळेच्या फाटकाशी उभं केलं आणि बजावलं, "नाव पुकारलं की भेवू नका. जोरात म्हणा, हजर. आपण काही चोरी करून नाई राहिलो."

आम्ही आत गेलो तेव्हा मोहरील साहेब दुसरीच्या वर्गात हेडमास्तरांबरोबर उभे होते. मारोतरावांचा चेहरा पांढराफटक. वर्गात सात-आठ वर्षांची चिमुरडी पोरं बसलेली, अर्ध्याहून जास्त जागा रिकामी. माझ्या पोरी त्या रिकाम्या जागेत बसल्या. गुडघे पोटाशी घेऊन, चिमुरड्यांच्या मापाच्या जागेत कशाबशा मावल्या.

"आज उशीर झाला वाटतं," साहेब म्हणाले.

मारोतराव माझ्याकडे बघत होते. काय करावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी पट उघडला. एकेक नाव पुकारलं आणि एकेक पोरगी मी शिकवलं होतं तशी छाती काढून ओरडली, हजर. साहेब प्रत्येक नावापुढे टिंब करत गेले. सव्वीस टिंबं.

मी पुढे झाले. "साहेब, या आज पहिल्यांदा आल्या आहेत. मी आणल्या आहेत. मास्तरीणबाईंना यांच्यातल्या एकीचं नाव विचारा!"

"बाई, पटावर या सव्वीस, वर्गात याच सव्वीस. मी जे पाहिलं ते लिहिणार."

"परवा गुरुवारी दोन वाजता तुम्ही यांना माझ्या गोदामात पाहिलं ना? आणि या पटावर गुरुवारी यांची हजेरी आहे. बघा!"

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता.

"खरं आहे," ते म्हणाले. "म्हणजे शाळेच्या वेळात शाळेतली मुलं तुम्ही केंद्रात नेऊन बसवता. हे तर त्याहून गंभीर आहे."

माझं, सिंधू धकातेचं, तोंड बंद पडलं. तेवढ्यात साहेबांनी पुष्पलताला उभं केलं. तिच्या हातात केंद्रातलं चौथीचं पुस्तक होतं, त्यातून त्यांनी मुद्दाम अवघड धडा काढला. तिनं तो न अडखळता वाचला. पाऊण आणि सव्वाची बेरीज विचारली, तिनं तोंडी सांगितली. सांगताना ती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, हीच ती परीक्षा, आणि ती पास होतेय.

"वा!" साहेब हेडमास्तरांना म्हणाले. "दुसरीतली मुलगी चौथीचं वाचते. तुमच्या शिक्षकांचं कौतुक केलं पाहिजे."

हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन त्यांनी शेरेबुक मागवलं आणि माझ्यासमोर लिहिलं. पट तपासला, उपस्थिती पूर्ण, अध्यापन समाधानकारक. खाली सही. दुसऱ्या कागदावर, केंद्र तत्काळ बंद करण्याची शिफारस. त्याखालीही तीच सही, तेच वळण. मी म्हटलं, निदान पुष्पलताला शाळेच्या दाखल्यावर चौथीला बसवा. ते म्हणाले, दुसरीतल्या मुलीला चौथीला बसवता येत नाही, नियमात नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. पण हा आंधळा नव्हता हो. दोन्ही डोळ्यांनी चांगला बघत होता आणि जे दिसेल ते नको म्हणत होता.

साहेब गेल्यावर मारोतराव व्हरांड्यात माझ्यामागे आले. खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. राजीनामा होता, शुक्रवारची तारीख घातलेला.

"रात्रभर झोपलो नाई बाई. सव्वीस पोरी आणू कुठून? वर्ग रिकामा दिसला असता, त हा कागद साहेबाच्या हाती देऊन खरं सांगणार होतो. त्याईनं त्याच दिवशी नावं कापली असती." त्यांनी हात जोडले. "तुमी वाचवलं मले. देवावाणी आल्या."

म्हणजे मी काही केलं नसतं तरी चाललं असतं! शनिवारी सकाळी मी घरी बसून चहा पीत राहिले असते, पोरी रहाटावर कांड्या भरत बसल्या असत्या, तर ती रिकामी जागाच साहेबाच्या डोळ्यांत भरली असती. केंद्र राहिलं असतं, दाखले मिळाले असते. मी आयुष्यात कुणाला मारलेलं नाही. त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचे जोडलेले हात मला फोडून काढावेसे वाटले. आणि माझंही थोबाड.

पोरी फाटकाबाहेर माझी वाट बघत थांबल्या होत्या. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. लपवलं नाही, त्यांच्यापासून लपवणारे तेवढे पुरे झाले होते. बाकीच्या हळूहळू घरांकडे वळल्या, कारण थांबलेले माग वाट बघत होते. पुष्पलता तिथंच उभी राहिली.

"बाई, मी धडा बरोबर वाचला ना?"

"बरोबर वाचला."

"बेरीज?"

"तीही बरोबर."

"मंग काहून?"

ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गल्लीत पहिला माग सुरू झाला, मग दुसरा. तिच्या घराकडून बापाची हाक आली, कांडी संपली म्हणून.

"मी हजर म्हटलं नसतं त?" तिनं विचारलं. "तुमीच सांगतलं होतं बाई, जोरात म्हणा म्हणून."

"हो," मी म्हटलं. "मीच सांगितलं होतं."