नदीकाठची नाचाची शाळा

सुमिदा या जपानी नदीच्या काठच्या एका जुन्या वस्तीत कागदी पंखे बनवणारी घरं होती आणि फ्लॅमेंको हा टाचा आपटत करायचा स्पॅनिश नाच शिकवणारी एक शाळा. जवळच्या तोयोसू भागात राहणारी जयंती तिथे अनेक वर्षं नाचली होती. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर तिचा डावा पाय लुळा पडला. तो सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तरी ठेका ऐकून ती खुलेल या आशेने नवरा, श्रीहरी, तिला व्हीलचेअरवरून तिथे घेऊन गेला.

आत टाचा वाजत होत्या. नाच शिकवणाऱ्या बाई लगबगीने बाहेर आल्या. “जयंती-सान, आत या ना!”

जयंतीने मान फिरवली. “श्रीहरी, परत कधी आणू नकोस मला इथे.”

“थोडं बघूया तरी.”

“काय बघू? माझे नाचाचे बूट देऊन टाक कुणाला तरी.”

बाईंना वाकून नमस्कार करून श्रीहरीने खुर्ची वळवली. मग त्याने स्टेशनची वाट धरली.