कारभारी ठरेपर्यंत

"आज न्हाय, मनुआक्का. आज अर्ज लिवला तर तुझंच नुकसान हाय," म्हणत मारुतीरावांनी दौतीला बूच लावलं.

बेळगावच्या कचेरीसमोर चिंचेखाली चटई टाकून ते अर्ज लिहीत. मनुबाई गुंजीहून सकाळच्या गाडीनं आली होती. तिचा एकुलता एक भरमू जर्मनीशी चाललेल्या लढाईत खेचरं हाकायला फ्रान्सात गेलेला. तिथं छातीच्या दुखण्यानं तो इस्पितळात पडला होता, आणि उठून बसला की पुन्हा खेचरांमागं धाडणार, असं त्यानं कळवलं होतं. त्याआधी त्याला घरी पाठवावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"का वं अण्णा?"

"विलायतेचा कारभारी, म्हंजी मुख्य परधान, गादीवरनं जातोय, आस्क्विथ. पेपरात हाय बघ. त्येच्या नावानं अर्ज धाडला आणि त्योच जाग्यावर नसला, तर नवा त्येला हात तरी लावंल काय?"

सांगली संस्थानच्या शहापुरात मारुतीरावांनी वीस वर्षं कारकुनी केली होती. कारभारी बदलला की जुन्याच्या नावाचे अर्ज गठ्ठ्यानं माळ्यावर जात. सख्ख्या मेव्हण्याचा अर्ज तसा गेलेला त्यांनी डोळ्यांनी बघितला होता. संस्थान लहान, विलायत मोठी, पण कारभारी इथूनतिथून सारखेच, ही त्यांची पक्की समजूत. आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात गोडीही लागली होती. पुढचा कारभारी म्हणून शेजारचा स्टँपवाला भावकू बोनर लॉचं नाव घेई, मारुतीराव लॉइड जॉर्जचं, आणि दोघं तावातावानं भांडत. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

दोन शनिवार ती अशीच रिकाम्या हातानं परत गेली. तिसऱ्या खेपेला लॉइड जॉर्ज गादीवर बसला होता.

"म्या म्हटलं हुतं का न्हाय?" मारुतीराव खुशीत म्हणाले.

"मग लिवा की आता. जीव थाऱ्यावर न्हाय माजा. गाडीत बसवंना झालंय."

"जरा दम धर. आता फ्रान्सचा डुलाय लागलाय, ब्रियाँ. पोरगं त्येंच्या मुलखात हाय, त्येंचाबी शिक्का लागंल."

 मनुबाई पदर खोचून उठली आणि निघून गेली.

ब्रियाँ टिकला. मारुतीरावांनी दोघांची नावं वळणदार अक्षरात घालून अर्ज लिहून ठेवला. मनुबाई मात्र येईना. एक शनिवार गेला, दुसरा गेला. मारुतीरावांचं पेपरात लक्ष लागेना. गुंजीची गाडी आली की ते स्टेशनापर्यंत जाऊन येत.

संक्रांतीच्या सुमाराला ती आली, हातात पाकीट घेऊन.

"गुंजीच्या टेसन मास्तरनं लष्कराच्या कॅम्पातल्या साहेबाला लिवलं हुतं. त्येचं उत्तर आलंय. मास्तर रजेवर हाय, म्हणून तुमच्याकडं आलते. वाचा."

मारुतीरावांनी इंग्रजी कागद आधी मनात वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. पोरगं बरं आहे, एवढंच सांगून कागद मिटता आला असता. तिला काय कळणार होतं? पण तिची नजर त्यांच्या तोंडावरून हलेना. त्यांनी ओळ न् ओळ मराठीत सांगितली. आजारी लोकांचं जहाज डिसेंबरात सुटलं. अर्ज महिनाभर आधी येता, तर भरमूचं नाव त्यात घालता आलं असतं. आता तो बरा ठरून पुन्हा खेचरांच्या तुकडीत गेला आहे.

"म्हंजी पयल्या शनवारी लिवला असता तर..."

"आला असता." मारुतीरावांना मान वर करवेना. "माझं चुकलं, आक्का. मास्तरनं नाव कुणाचं घातलं हुतं?"

"कुणाचंच न्हाय. साहेब म्हटलं की पुरं, म्हणालं."

भावकूनं पलीकडून हाक मारून ताजा पेपर दाखवला. मारुतीरावांनी तिकडं बघितलंच नाही.

मनुबाई चटईवर बसली. "आता कुटं हाय त्यो, त्ये तरी इचारा. लिवा."

त्यांनी 'मेहेरबान साहेब' एवढं लिहिलं आणि पुढं नाव न घालता टाक पुन्हा दौतीत बुडवला. वाऱ्यानं कागद जागचा हलला, तशी मनुबाई पुढं सरकली आणि तिनं त्याच्या दोन्ही कडा घट्ट दाबून धरल्या.