जीपला शोभणारा ट्रेलर

बघा, पोटभर बघा. धरमपेठेतल्या या बंगल्याच्या पोर्चमध्ये जीपच्या मागे उभा आहे ना, तोच मी, लढाईतला ट्रेलर. जीपबद्दल विचारायचं असेल तर मालकाला विचारा, तो तासभर सोडणार नाही. माझ्याबद्दल मात्र माझ्याकडूनच ऐका, कारण मालक जे सांगतो ते धादांत खोटं आहे.

मला दोन चाकं. इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, आणि मतही कुणी विचारत नाही. पुढे एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला जाडजूड लोखंडी कडं. जीपच्या मागच्या हुकात हे कडं अडकवायचं आणि ती नेईल तिकडे मुकाट्यानं जायचं, एवढंच माझं नशीब. माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत झाला. वाटेत नदी आली तर आतला दारूगोळा भिजू नये म्हणून बनवणाऱ्यांनी माझं अंग होडीसारखं बंद केलं होतं. बाहेरचा थेंब आत यायचा नाही. आतलाही थेंब बाहेर जायचा नाही, याचा उपयोग मात्र त्यांच्यापैकी कुणाला सुचला नाही. तो सुचला आपल्या सक्करदऱ्याच्या नत्थूला.

लढाई संपल्यावर माझी जीप कुठे गेली, देव जाणे. मी या डेपोतून त्या डेपोत ढकलला जात कामठीच्या छावणीत आलो आणि गवतात पडून राहिलो. पासष्टच्या सुमारास तिथे लिलाव झाला. लोक यायचे, मला लाथ मारून बघायचे आणि पुढे जायचे. "गाडी नाई, घोडा नाई, याले काय डोक्यावर घ्याचं?" असं म्हणून हसायचे. नत्थू ढिवर, म्हणजे मासे धरणारा, आला होता जाळ्यासाठी जुने दोर घ्यायला. माझ्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात बेडकं मजेत पोहत होती. नत्थूनं माझ्या खाली वाकून पाहिलं, जमीन कोरडी होती.

"रंभे, इकडे ये वं," त्यानं बायकोला हाक मारली. "थेंब गळून नाही राहिला. याच्यात मरळ जगते."

आता मरळ म्हणजे काय, ते सांगायला हवं. ही मासोळी जिवंतच विकावी लागते. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला अंगात ताकद यावी म्हणून लोक ती नेतात, आणि नेताना ती हातात उसळली पाहिजे. मेलेल्या मरळीला कुत्रं विचारत नाही. नत्थू तळ्यातून मरळ काढायचा आणि रंभाबाई बुधवारच्या बाजारात विकायची. रॉकेलच्या जुन्या डब्यांतून न्यायचे, त्यामुळे निम्म्या वाटेतच मरायच्या. मी आलो आणि ते थांबलं. नत्थूनं माझ्या दांड्याला जू बांधलं, एक हेला, म्हणजे रेडा, जुंपला, आणि तोफखान्याचा हा ट्रेलर मासोळीवाल्यांच्या घरी नांदायला लागला.

काय सांगू तुम्हाला, ते दिवस खरे. रंभाबाई मला रेतीनं घासायची, साबण कधी लावू दिला नाही. तळ्याचंच पाणी भरायची आणि वरून ओलं पोतं टाकायची. बाजारात पोतं बाजूला सारलं की आत काळ्याभोर मरळी वळवळायच्या. बाया दोन-दोन मैल चालत यायच्या. डॉक्टर म्हणे औषध लिहून द्यायचा आणि घरची म्हातारी म्हणायची, आधी रंभाबाईची मरळ आणा. ती तोंडानं फटकळ होती. कुणी घासाघीस केली की म्हणायची, "तुमच्या घरची बाळंतीण हाय का माह्या घरची? मले काहून रडवता?" पण कुणाला थकलेली मासोळी तिनं कधी दिली नाही. त्यामुळे लोक तिचं बोलणं ऐकून घेत आणि पुन्हा तिच्याकडेच येत.

वर्षं गेली. हेला म्हातारा होऊन मेला. दुसरा घेणं जमलं नाही, म्हणून नत्थू पुढून ओढायचा आणि रंभाबाई मागून ढकलायची. मी वजनाला काही हलका नाही, त्यात पाणी भरलेलं. नत्थूची छाती भात्यासारखी वाजायला लागली. मला ऐकू यायचं, पण मी काय करणार?

अशातच एका बुधवारी गिरिधरबाबू बाजारात आले. सावनेरकडे कोळशाची ठेकेदारी, पैसा बख्खळ, आणि नाद एकच: लढाईतली जुनी जीप. ती त्यांनी नवरीसारखी सजवली होती आणि बायकोपेक्षा जास्त जपायचे. एकच खंत होती, जीपला तिच्या काळाचा ट्रेलर मिळत नव्हता. मला पाहिलं आणि त्यांनी भर बाजारात चिखलात गुडघे टेकले. पुढच्या पितळी पट्टीवरचं शेण नखानं काढलं, साल वाचलं आणि ओरडले, "अरे भाई, एकाच सालचे! दोघंही त्रेचाळीसचे!"

मग काय विचारता! मुलगी पाहायला यावं तसे ते रोज यायचे. चाकाचं माप घेतलं. कड्याची उंची जीपच्या हुकाशी लावून पाहिली; वर्षानुवर्षं जू ओढून दांडा वर वाकला होता, त्यामुळे ती चार बोटं चुकली. "ते ओमप्रकाश करून देईल," म्हणाले. ओमप्रकाश त्यांचा मिस्त्री. छत्तीस गुण जुळवून झाले. माझ्या पोटात काय आहे, ते कुणाला दिसलं नाही.

गिरिधरबाबू वाईट माणूस आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांनी फुकट मागितलं नाही. "तुम्हाला नवी गाडी बनवून देतो, याच्यापेक्षा निम्म्या वजनाची, बेअरिंगवाली," म्हणाले. नत्थूचे डोळे चमकले. रंभाबाईनं हात कमरेवर ठेवले.

"पाणी धरते काय जी ते?"

"भरून पाहा ना, बाई."

नवी गाडी आली. निळीशार, आरशासारखी चकचकीत. गंजू नये म्हणून गिरिधरबाबूंनी ती आतूनही रंगवून घेतली होती, स्वतःच्या खुशीनं. पाणी भरलं, गळलं नाही. तरी रंभाबाईनं आत नाक घातलं आणि म्हणाली, "वास मारून राहिली. हिले शेणपाणी भरून ठेवा लागन. वास गेला की मंग मासोळी टाकू. तोवर आमची जुनीच राहू द्या."

पण सव्वीस जानेवारी तोंडावर आली होती. त्या दिवशी जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती आणि गिरिधरबाबूंना दम निघत नव्हता. ते नत्थूकडे बघत राहिले. नत्थू खोकला आणि म्हणाला, "नेऊ दे वं. मी रेतीनं घासून काढतो तिले. माहा दम पाय जरा."

तिनं त्याच्या छातीकडे पाहिलं आणि माझ्यावरचं ओलं पोतं काढून घेतलं. मला त्याच दुपारी नेलं.

ओमप्रकाशनं माझा दांडा कापून कडं खाली घेतलं. चाकं बदलली, माझी चाकं कुठे फेकली कोण जाणे. अंग खरवडून लष्करी हिरवा रंग दिला, एकावर एक तीन हात, बाहेरून आणि आतून. "आतून काहून, साहेब?" त्यानं विचारलं. "फोटोत दिसतं ना, भाई," उत्तर आलं. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तळाला भोकंही पाडली. होडीसारख्या अंगाला भोकं! मी ओरडलो असतो, पण कड्याला जीभ नसते.

सव्वीस जानेवारीला जीपच्या मागून मी रिकामा खडखडत सदर भागातून फिरलो. लोकांनी टाळ्या पिटल्या. गिरिधरबाबूंना ढाल मिळाली आणि त्यांनी माइकवर सांगितलं, "हा ट्रेलर एका मासोळीवाल्याकडे सडत पडला होता. मी त्याला वाचवलं."

सडत पडला होता! ऐकलंत?

त्याच आठवड्यात रंभाबाई इथे आली. नत्थू फाटकाबाहेरच उभा राहिला, आत यायला त्याला तोंड नव्हतं. ती पोर्चच्या पायरीखाली उभी राहून बोलली, आणि मला सगळं कळलं. नत्थूनं नवी गाडी रेतीनं दोनदा घासली होती. तेवढ्यानं झालं असं त्याला वाटलं. महाल भागातल्या अंजनाबाईची सून बाळंत झाली होती, बुधवारी मरळ देते असा रंभाबाईनं शब्द दिला होता, आणि तिच्याजवळ दुसरं भांडं नव्हतं. बाजारात पोतं काढलं तर सगळ्या मरळी पोट वर करून तरंगत होत्या. एकच तेवढी शेपटी हलवत होती. दिलेला शब्द म्हणून ती तिनं अंजनाबाईला दिली.

"सून रातभर ओकली, बाबूजी. मासोळीले रंगाचा वास होता. बाई वाचली, पण दूध आटलं. अंजनाबाई बाजारात आली न् साऱ्याईसमोर म्हणे, रंभीनं माह्या सुनेले जहर चारलं. इतक्या वर्षांचे गिऱ्हाईक, सारे माह्या तोंडाकडे पाहून राहिले."

गिरिधरबाबूंचा चेहरा पडला. "अरेरे," म्हणाले. "मग आता?"

"माहा ट्रेलर वापस द्या. मी पुन्हा त्याच्यात जित्ती मरळ आणतो. लोकाईनं पायली की माह्यावर इश्वास ठेवतीन."

ती माझ्याजवळ आली. आत हात घातला, तो वास ओळखला, मग बोटं तळाच्या भोकांवर फिरली आणि तिथेच थांबली. मी तिच्याकडे कोणत्या तोंडानं पाहणार?

"भोकं बुजवून देता येतील," गिरिधरबाबू म्हणाले. रंगही खरवडता आला असता, दांडाही पुन्हा जोडता आला असता. त्यांनी जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या ढालीकडे पाहिलं. "असं कर बाई, तुला दुसरी गाडी बनवून देतो. बिनरंगाची. आता ही जोडी कशाला मोडायची?"

"गाडी देसान जी," रंभाबाई म्हणाली. "गिऱ्हाईक कुठून देसान?"

तिनं पदरानं हात पुसला आणि निघून गेली. बिनरंगाची गाडी खरंच तिच्या घरी गेली, ओमप्रकाशच घेऊन गेला होता. तिच्यात कुणी पाणी भरलं नाही. नत्थू त्याच उन्हाळ्यात गेला आणि रंभाबाई आता एका खानावळीत भांडी घासते, हेही ओमप्रकाशच जीपला सांगत होता, काच पुसता पुसता.

आज मी असा आहे. दर रविवारी माझं अंग पुसतात. पाहुणे येतात, आत वाकतात, म्हणतात, "काय जोडी जमलीय!" गेल्या महिन्यात माझ्या पाठीवर पाटीही लावली: भंगारातून वाचवलेला. माझ्या आत आता एक सुकं पानही टिकत नाही, ओमप्रकाश लगेच उचलतो. थू आहे असल्या वाचण्यावर.

मला परत न्या, असं मी म्हणत नाही. नेऊन कराल काय? फक्त एक काम करा. कधी सक्करदऱ्याला गेलात तर बुधवारच्या बाजारात उभे राहा आणि जरा मोठ्यानं सांगा, अंजनाबाईला ऐकू जाईल असं सांगा, की रंभाबाईनं जहर चारलं नव्हतं. रंग होता तो, बंगल्यातून आलेला.