पाचवी बरणी

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, लावा पैज!" असं म्हणत श्रीपादने टेबलावर एक रिकामी बरणी ठेवली. झाकणाभोवती मेण ओतून ती बंद केलेली. हॅनोव्हरमधल्या त्याच्या घरी रविवारच्या वरणभाताला आलेले मोहन आणि वसुधा, दोघेही संशोधन करणारे, हातातला घास तसाच धरून बघत राहिले.

त्याची जुनी घरमालकीण फ्राऊ लिंडनर गेल्या महिन्यात वारली. तिच्या भाचीने धाडलेली ही बरणी कालच पोस्टाने आली होती.

छप्पन साली तो तिच्याकडे राहायला गेला, तेव्हा फळीवर चार बरण्या होत्या. माती, पाणी, राख आणि वाऱ्यासाठी कबुतराचं पीस. सारं जग या चौघांचंच बनलेलं, असं तिचा नवरा मरेपर्यंत म्हणायचा. शेगडीत सालामांडर राहतो, विस्तवाचा जीव, असंही म्हणायचा.

"राहायचाच!" श्रीपाद म्हणाला. "मी चित्राहुती घातली की निखाऱ्यातून यायचा, शितं उचलायचा. तूप नसलं की फुरंगटून आत!"

"गेनाऊ, अगदी बरोबर!" मोहन हसला. "आणि हात धुवायचा का?"

"ऐक रे. मी म्हटलं, आजी, चार कुठली? पाच! आकाश राहिलं की."

आणि जॅमची बरणी धुऊन, झाकण लावून त्याने तिच्या हातात दिली होती. निव्वळ टवाळी. पण चौघांत न सापडलेला नवरा म्हातारीला या पाचवीत सापडला. रोज सकाळी ती बरणीशी बोलू लागली.

पुढे श्रीपादचं लग्न झालं, घर बदललं. मग तिचं कार्ड आलं: झाकण सैल झालंय, आकाश निघून तर गेलं नाही ना, एकदा येऊन बघून जा.

श्रीपादने अंगठा मेणावरून फिरवला.

"मग?" वसुधाने विचारलं.

"मग काय, गेलो. त्याच रविवारी. बरणी कानाला लावली, म्हटलं, आहेत हो आजी, आतच आहेत. आणि हे मेण माझ्या हातांनी ओतलं."

वाढता वाढता त्याच्या बायकोचा, सुलेखाचा, डाव थांबला.

"अहो, सालामांडरने तूप खाल्लं, मी चकार शब्द काढला नाही. पण बरणीसोबतची भाचीची चिठ्ठी मीही वाचलीय. तुमची वाट बघून बघून मेण तिच्या मावशीनेच ओतलं. ट्रामने वीस मिनिटं, अन् तुम्ही गेलाच नव्हतात."