शेवटचा हात कोणाचा

सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. नोकरी सुटून बराच काळ लोटला होता, तरी कुणाच्या बोटाला कापलं, कुणाला ताप चढला की आधी सिस्टरांचं दार वाजायचं आणि मग डॉक्टरांचं. सिस्टरही अशा, की दार पुरतं उघडायच्या आत "काही नाही होत, आत या" म्हणून मोकळ्या. हे "काही नाही होत" त्या जन्मभर म्हणत आल्या. ज्याचा पाय उद्या कापायचा ठरलाय त्यालाही म्हणाल्या असतील. वॉर्डात ते चालतं. चालतं कसलं, लागतंच. घरात चालतं का, हा प्रश्न त्यांना पडायचं कारण नव्हतं, कारण घरात तसा पेशंट कधी नव्हता.

मग त्यांचा जावईच पेशंट झाला.

म्हणजे दुखत-खुपत काही नव्हतं. कारखाना बंद पडला आणि तिथे मशीनवर उभा राहणारा हा गडी घरी बसला. बसला तो बसलाच. पुढे पुढे तर बसेनासाही झाला, भिंतीकडे तोंड करून नुसता पडून राहायचा. दाढी नाही, बोलणं नाही, काही विचारलं तर "ठीक आहे." लेक रडणाऱ्यांतली नव्हे. ती फोनवर एवढंच सांगायची, "आजही उठले नाहीत." सिस्टर म्हणायच्या, "काही नाही होत, उठतील." आणि फोन ठेवल्यावर स्वतःच बराच वेळ खुर्चीतून उठायच्या नाहीत.

त्याला उठवलं ते छपराने.

सिस्टरांचे यजमान होते तेव्हा त्यांनी हौसेने घरावर सोलर बसवून घेतलं होतं. घर गल्लीच्या टोकाला, बाहेरची वीज तिच्या मर्जीने यायची, त्यामुळे सगळी भिस्त छपरावर. यजमान गेले, बसवणारी कंपनी गाशा गुंडाळून गेली, मागे राहिली ती पॅनेलं. त्यांच्या काचा पिवळट पडल्या, मागचं प्लॅस्टिक तडकलं, पॅसेजमधला इन्व्हर्टर घरघरायला लागला. एक दिवस दिवे लुकलुकताहेत असं सिस्टर लेकीला सहज बोलून गेल्या, आणि रविवारी बघतात तो जावई दारात. दाढी केलेली, खांद्याला हत्यारांची पिशवी.

"बघतो जरा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, काय वाटेल ते कर, पण हे काम त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस. आज ते घरी येऊन माझ्याशी बोलले."

झालं. तेव्हापासून दर रविवारी तो यायचा, वर चढायचा, काहीतरी कापायचा, काहीतरी जोडायचा, उतरून हात धुवायचा आणि पोटभर जेवायचा. सिस्टर म्हणायच्या, "छान जळतोय हो दिवा आता." दिवा छानबिन काही जळत नव्हता. पहिल्या महिन्यात पंखा मंदावला, नंतर फ्रिज बंद ठेवावा लागला, मग संध्याकाळी मेणबत्त्या आल्या. माणूस कारखान्यातला होता, हाताने चांगला होता, पण हे काम त्याचं नव्हे. मोटारीचा मेकॅनिक हुशार असला म्हणून कुणी त्याच्याकडे दात उपटायला जात नाही. सिस्टरांना हे कळत नव्हतं असं नाही. पण पेशंट खायला लागलाय, बोलायला लागलाय, अशा वेळी त्याच्या हातून चमचा काढून घ्यायचा नसतो, असं त्यांचं शास्त्र होतं. त्या रविवारी मेणबत्त्या कपाटात लपवायच्या आणि सोमवारी परत काढायच्या.

पण एका दुपारी छपराकडून जळका वास आला. सिस्टरांचं नाक पक्कं होतं. ज्या नाकाने जखम सडायला लागलेली पट्टी न उघडता ओळखली, त्याला काय फसवणार. त्या पॅसेजमधल्या, छपरावर जाणाऱ्या शिडीशी जाऊन उभ्या राहिल्या. वास आला आणि गेला. घर पेटलं तर आपण मरू, त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. आपण मेलो तर ते जावयाच्या हातून झालं असं होईल, आणि मग तो भिंतीकडून कधीच वळणार नाही, याची मात्र भीती वाटली.

म्हणून त्यांनी मधल्या वारी, जावयाच्या अपरोक्ष, माणूस शोधायला घेतला.

सोलर दुरुस्त करणारा माणूस शोधणं म्हणजे काय, हे ज्याने शोधलाय त्यालाच विचारा. नवं बसवायला दहा जण धावत येतात, जुन्याला कुणी वाली नाही. खांबावर चिकटवलेल्या जाहिरातीवरून एक जण आला. त्याने फाटकातूनच मान वर केली आणि "सगळं फेकून द्या" म्हणाला. वर चढायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. दुसऱ्याने वर जाऊन भरपूर फोटो काढले, "कळवतो" म्हणाला, आणि मग त्याचा फोन कायमचा झोपला. तिसरी एक बाई निघाली. तिने फोनवर सिस्टरांनाच प्रश्न विचारले. किती जुनं आहे, कुणी बसवलं, वास कधी आला. आली ती लायसनचं कार्ड पुढे करूनच. "नीट वाचा, मावशी. लोक दूधवाल्याची जास्त चौकशी करतात आणि छपरावर कुणालाही चढवतात."

सिस्टरांना ती आवडली. वॉर्डात अशी एखादी असली की त्या निर्धास्त झोपायच्या.

टेक्निशियनने इन्व्हर्टर पाहिला, बॅटऱ्या पाहिल्या, शिडीजवळचा, छपरावरून येणारी वीज तोडायचा मोठा खटका पाहिला. मग बूट घट्ट करता करता विचारलं, "यात शेवटचा हात कोणाचा?"

"म्हणजे?"

"माझी एक पद्धत आहे. ज्याने शेवटचा हात लावलाय तो समोर असल्याशिवाय मी काही उघडत नाही. आत कुठे काय झाकलंय ते एकट्या त्यालाच माहीत असतं. त्यापायी माझा कामावरचा एक जोडीदार गेलाय. कोणाचा हात?"

सिस्टरांच्या तोंडून उत्तर असं सफाईने आलं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "आमच्या ह्यांचा."

"कुठे आहेत?"

"गेले."

"वाईट झालं," टेक्निशियन म्हणाली. "मग माझं मलाच बघावं लागेल." तिने खटका खाली ओढला, तो खट्‌कन पडला, आणि ती शिडी चढायला लागली.

सिस्टर खाली उभ्या. बिचाऱ्या ह्यांच्या नावावर खपवलं खरं, पण ह्यांची हरकत नसती. ह्यांची कशालाच हरकत नसायची. आता ही वर जाईल, गुपचूप सगळं नीट करील, आणि रविवारी जावई चढेल तेव्हा त्याला वाटेल आपल्याच हाताला यश आलं. किती सोपं झालं म्हणून त्या स्वतःवर खूश व्हायच्या बेतात होत्या.

तेवढ्यात त्यांची नजर त्या खटक्यावर गेली.

मागच्याच महिन्यात जावई हात पुसत खाली आला होता. "आई, हा खटका सारखा पडायचा. आता भानगडच मिटवली. त्याला बाजूला ठेवून तार सरळ पुढे नेलीय." आणि सिस्टर म्हणाल्या होत्या, "बघा, किती डोकं चालतं तुमचं."

म्हणजे हा खटका आता नुसता शोभेचा. वर ऊन रणरणत होतं आणि तारांमधून वीज जशीच्या तशी वाहत होती.

"बाई, हात लावू नका," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नाही, वॉर्डात कधी चढला नव्हता, पण असा आला की वरची पावलं थांबली. "तो खटका खोटा आहे. मी पण खोटं बोलले. शेवटचा हात माझ्या जावयाचा."

टेक्निशियन खाली उतरली. शेवटच्या पायरीवर बसली. "मीटर लावल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही," ती म्हणाली. "पण चुका माझ्याकडूनही होतात. बोललात ते बरं केलंत. बोलवा त्यांना."

सिस्टरांनी मग तिला सगळं सांगितलं. कारखाना, भिंत, रविवार, मेणबत्त्या. "त्यांच्यासमोर ते सगळं उपटलंत तर ते परत झोपतील," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीचं घर त्या छपरावर उभं आहे, असं समजा."

"मी ओरडायला बोलवत नाहीये, मावशी. त्यांच्याशिवाय मला काम करता येणार नाही."

सिस्टरांनी फोन लावला. "तुमचं केलेलं एका जाणत्या बाईला दाखवायला घेतलंय," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्याशिवाय तिचं अडलंय." तो "येतो" एवढंच म्हणाला.

तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. पिशवी मात्र खांद्याला होती. टेक्निशियनने नमस्कार-चमत्कार केले नाहीत. आधी पॅनेलांवर जाड कापड पसरलं, मीटर लावून पाहिलं आणि म्हणाली, "सांगा. पहिला जोड कुठे?"

सिस्टर शिडीच्या मधल्या पायरीवर चढून पाहत होत्या. त्यांना वाटलं होतं तो चाचरेल. पण त्याने सांगायला सुरुवात केली आणि थांबला नाही. हा इथे, पाइपाच्या मागे. याच्यावर दोनदा टेप आहे. इथे जुना कनेक्टर संपला म्हणून दुसऱ्या बनावटीचा बसवला, सैल होता, दाबून बसवला. ती विचारत होती, तो सांगत होता, आणि प्रत्येक जोड ती कापून बाजूला टाकत होती. त्याचा एकही रविवार तिने शिल्लक ठेवला नाही. सिस्टरांना ते बघवेना.

सैल कनेक्टरपाशी ती थांबली. तो कापून तिने त्याच्या हातावर ठेवला. आतून कोळसा झाला होता.

"दोन बनावटीचे एकमेकांत बसल्यासारखे दिसतात, पण बसत नाहीत," ती म्हणाली. "हा पेटला असता."

जावई पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला. हातातल्या कोळशाकडे बघत राहिला. सिस्टरांना राहवलं नाही. "अहो, ते जुनंच झालं होतं सगळं," त्या शिडीवरून म्हणाल्या. "तुमच्यामुळे काही नाही. तुम्ही केलंत म्हणून एवढे दिवस छान..."

"आई, नका ना," तो म्हणाला.

सिस्टर एक पायरी खाली आल्या.

"जेवायच्या टेबलावर मेणाचे डाग आहेत. दर रविवारी नवे असतात. तुम्ही खरवडता, पण ते राहतात." तो वर न बघता बोलत होता. "तुम्ही छान म्हणता, घरी ती छान म्हणते. मला घरात कुणाचंच काही खरं वाटेनासं झालंय. ह्या बाईंनी पेटला असता म्हणून सांगितलं, ते तरी खरं आहे."

सिस्टरांना आपल्याच तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं माणसं बरी केली, आणि घरच्या माणसाला आपण आपल्या हाताने पलंगावर झोपवून ठेवलं. त्या खाली उतरल्या. टेबलाशी जाऊन त्यांनी ते डाग बोटाने चाचपून पाहिले. होते खरे.

वर टेक्निशियन म्हणत होती, "तो पाना द्या. नाही, मधला." त्याने दिला. संध्याकाळपर्यंत दोघं वर होती. दोन पॅनेलं कामातून गेली होती, ती उतरवली. बाकीची राहिली. नवा खटका बसला, आणि तो खाली ओढला की खरोखरच सगळं बंद पडत होतं. "जुनं आहे, थोडं कमी देईल," जाताना टेक्निशियन म्हणाली. "आणि आता माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. यांनीसुद्धा."

जावई "बरं" म्हणाला आणि न जेवता गेला.

रविवार आला. पंखा जोरात फिरत होता, फ्रिज चालू होता, घरात बिघडलेलं असं काही उरलं नव्हतं. सिस्टरांनी सवयीने दोन ताटं काढली. तो नेहमीच्या वेळेला आला नाही. मग लेकीचाच फोन आला. "उठले नाहीत," ती म्हणाली.

सिस्टर पॅसेजमध्ये येऊन उभ्या राहिल्या. समोर नवा खटका. खाली ओढला की घर अंधारात. मग फोन करायचा, "अहो, सगळं गेलं हो," आणि तो धावत येईल. नक्की येईल. पेशंटला उठवायची औषधं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचा हात खटक्यापर्यंत गेलाही.

मग त्यांनी तो काढून घेतला आणि फोन लावला.

"काय बिघडलं?" त्याचा झोपेतला आवाज.

"काही नाही बिघडलं."

"मग?"

इथे काय म्हणायचं ते सिस्टरांना माहीत नव्हतं. वॉर्डात अशी वेळ कधी आली नव्हती. "हे गेल्यापासून मी एकटी जेवते," त्या म्हणाल्या. "रविवारी तुम्ही असायचात. आज ताट वाढवेना. मला बरं वाटत नाहीये, आणि औषध घेऊन बरं वाटण्यातलं ते नाही. एवढंच आहे. या."

पलीकडून पलंग कुरकुरल्याचा, पाय जमिनीला टेकल्याचा आवाज आला. फोन तसाच बंद झाला.

तासाभराने दार वाजलं. दाढी केलेली नव्हती. खांद्याला तीच पिशवी. सिस्टरांनी पिशवीकडे पाहिलं.

"भाजी आहे," तो म्हणाला. "वाटेत घेतली."

आत येताना, सवयीने, त्याची मान पॅसेजमधल्या दिव्याकडे वळली.

"छान जळतोय," सिस्टर म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला, आणि शिडीकडे न जाता हात धुवायला गेला.